‘मेडिकल टाकली’, ‘दांडी मारली’ की ‘खाडा पडला’? आजारपणाची सुट्टी नेमकी कुणाला मिळते? वाचा सोप्या भाषेत

डिजिटल डेस्क, नांदेड : सोमवारची सकाळ. आवाज जरा बसवून साहेबांना फोन जातो, ‘सर, ताप आहे, आज येणं जमणार नाही.’ ताप खरा असो वा नसो, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात अशा सुट्टीला ‘सिकी’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तर फेब्रुवारीतला पहिला सोमवार गमतीने ‘नॅशनल सिकी डे’ म्हणून ओळखला जातो. आपल्याकडेही यासाठी शब्दांची कमी नाही. पण गंमत बाजूला ठेवली, तर प्रत्येक शब्दामागे पगाराचा वेगळा हिशेब आहे.

‘मेडिकल टाकली’ कोण म्हणतं?

प्रामुख्याने सरकारी कर्मचारी. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला 8 नैमित्तिक रजा आणि 20 दिवस अर्धवेतनी रजा मिळते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले की अर्धवेतनी रजा ‘परिवर्तित’ करून पूर्ण पगार घेता येतो. मात्र एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस वजा होतात.

दुकानात, खासगी ऑफिसात काम करणाऱ्यांचं काय?

राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ‘सिक लिव्ह’ असा वेगळा प्रकारच नाही.
• वर्षाला 8 पगारी नैमित्तिक रजा. वापरल्या नाहीत तर वर्षअखेरीस संपतात.
• वर्षात 240 दिवस काम केले असल्यास दर 20 दिवसांमागे 1 पगारी रजा. ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते.

म्हणजे टायफॉइड झाला, तर याच रजा वापरायच्या. शिवाय हा कायदा 10 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. ही मर्यादा 20 वर नेण्याच्या दुरुस्तीला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. वजिराबाद किंवा गंजगोलाईतल्या तीन-चार कामगारांच्या दुकानात मात्र आधीपासूनच सगळे मालकाच्या मनावर.

ईएसआय असेल तर?

पगार महिना 21 हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर आजारपणात सरासरी रोजच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते. अट अशी, की आधीच्या सहामाहीत किमान 78 दिवसांचे योगदान हवे.

ढोबळ हिशेब बघा : रोज 500 रुपये, आजारपण 5 दिवसांचे. पहिले 2 दिवस सहसा धरत नाहीत. उरलेल्या 3 दिवसांचे 350 रुपयांप्रमाणे 1,050 रुपये. कामावर असता तर 2,500 मिळाले असते.

सगळ्यांनी एकाच दिवशी ‘सिक’ टाकली तर?

मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शंभरावर केबिन क्रूंनी एकाच वेळी आजारी असल्याचे कळवले. 80 हून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने 25 जणांना काढले. दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर त्यांना परत घेतले गेले. म्हणजे संपाची नोटीस न देता नाराजी कळवण्याचाही हा मार्ग ठरतो.

आणि ‘खाडा’?

हा शब्द मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगारांना विचारा. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ फडात जातो. एक दिवस चुकला की खाडा. त्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर उचलीतून दंड. 2019 मध्ये हा दंड दिवसाला 500 रुपये असल्याचे समोर आले. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये, हे गर्भाशय काढण्यामागचे एक कारण असल्याचे तेव्हा अनेक महिलांनी सांगितले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील पाहणीत 82,309 महिला ऊसतोड कामगारांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. म्हणजे सुमारे सहा जणींमागे एक.

लातूर, नांदेडमधूनही दरवर्षी कोयते निघतात. त्यांच्या आजारपणाची सुट्टी अजूनही मुकादमाच्या वहीतच मोजली जाते.

तुम्ही आज काय तपासाल?

• पगारपत्रकात ईएसआय कपात आहे का?
• नियुक्तिपत्रात किती आणि कोणत्या रजा लिहिल्या आहेत?
• आजारी पडलात तर रजेचा निरोप फोनवर न देता मेसेजने द्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. वाद झाला तर तोच पुरावा.