शिल्प आणि सावली

उघड्यावर शिल्पांचें प्रदर्शन भरवावयाचें म्हटलें कीं आमच्या वऱ्हाडांत सायंकाळच सोयीची. उन्हाळ्यांत अमरावती-अकोल्याच्या भर दुपारीं मूर्ति पाहण्यास कोण बाहेर पडणार? अर्थात् शिल्पकाराच्या श्रमांपैकीं प्रेक्षकांच्या पदरीं किती पडावें, हें दिवे लावणाराच्या हातीं राहतें. आणि घात होतो तो बहुधा तेथेंच. रोषणाई म्हणजे पुष्कळ दिवे, अशी आपली समजूत. परंतु चोहों बाजूंनीं झगझगीत उजेड पडला कीं मूर्तीचा उठाव नाहींसा होऊन ती पाटीसारखी सपाट दिसूं लागते.

शिल्पकार दगडाबरोबर सावलीही घडवीत असतो. याची साक्ष आपल्याच प्रांतांत, बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार येथें आहे. तेथील दैत्यसूदन मंदिराचा तलविन्यास तारकाकृति असून त्याच्या भिंती कोनाकोनांनीं मागेंपुढें सरकलेल्या आहेत. तिरपें ऊन पडतांच त्या पाषाणावरील आकृति जणूं भिंतींतून बाहेर येतात. ढगाळ दिवशीं तीच भिंत मुकी भासते. गणपतराव म्हात्रे यांची १८९६ सालची ‘मंदिरपथगामिनी’ घ्या. तिच्या वस्त्राच्या चुण्या म्हणजे उजेड व सावली यांचाच खेळ. समोरून प्रखर दिवा लावल्यास त्या पुसल्याच गेल्या म्हणून समजावें.

तेव्हां मुख्य दिवा एकच असावा. तो मूर्तीच्या एका बाजूस, तिच्या माथ्याहून उंच, सुमारें ४५ अंशांच्या कोनांत बसवावा. दुसऱ्या बाजूस अगदीं मंद दिवा पुरे. सावली पुसण्यासाठीं नव्हे, तर ती काळीकुट्ट होऊं नये म्हणून. केवळ पायाशीं दिवा ठेवूं नये. खालून उजेड आला कीं शांत मुद्राही भेसूर दिसते. पांढऱ्या प्लास्टरला थोडा प्रकाश पुरतो, काळ्या दगडास अधिक लागतो. ब्राँझ चकाकतें, म्हणून तेथें दिव्यापुढें दुधी कांच धरावी. रंगीत दिव्यांचा मोह टाळून ३००० केल्विनच्या आसपासचा, किंचित् पिवळसर एल.ई.डी. दिवा वापरावा. दिवा पाहणाराच्या डोळ्यांवर येऊं नये, आणि विजेच्या तारा मुलांच्या पायांत येऊं नयेत, हें तर सांगावयासच नको.

ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं घरींच प्रयोग करावा. देवघरांतील विजेचा दिवा मालवून समई मूर्तीच्या एका अंगास ठेवावी व घरांतील मुलांस बोलावून दाखवावें. नित्याच्याच मूर्तीचे डोळे, ओठ, बोटें किती सजीव होतात तें त्यांस न सांगतां कळेल.

प्रदर्शनाच्या चालकांनींही खांब रोवण्यापूर्वीं एका रात्रीं, शिल्पकारास बरोबर घेऊन, हातांतील दिव्यानिशीं प्रत्येक मूर्तीभोंवतीं फिरावें. गांवांतील कित्येक मुलांनीं देवळाबाहेर चांगलें शिल्प कधीं पाहिलेलें नसतें. त्यांच्या मनावर पहिला ठसा त्या एकाच सायंकाळीं उमटावयाचा असतो.