सांकेतिक भाषेचा दुभाषी : एक उपेक्षित विद्या

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी गीता नावाची तरुणी कराचीहून दिल्लीला आली, तेव्हा साऱ्या देशाने तिचे स्वागत केले. लहानपणी चुकून सरहद्दीपलीकडे गेलेली, ऐकू-बोलू न शकणारी ही मुलगी कित्येक वर्षे तेथील ईधी प्रतिष्ठानाच्या आश्रयाला होती. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तिच्या परतीची व्यवस्था केली आणि पुढेही तिची मायेने विचारपूस केली. स्वागताचे हार सुकल्यावर मात्र एक साधा प्रश्न उभा राहिला. हिचे गाव कोणते? त्या गावाचे चित्र तिच्या मनात होते, पण नाव-गाव लिहून सांगण्याइतके अक्षरज्ञान तिच्यापाशी नव्हते. बिहारमधील एका कुटुंबाने ती आपली मुलगी असल्याचे सांगितले; डीएनए चाचणीत ते जुळले नाही. मग इंदूरला सांकेतिक भाषेच्या जाणकारांनी तिच्यासमवेत बसून तिच्या हातांतून एकेक धागा उकलायला आरंभ केला. रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ अशा खुणा जुळवत हा शोध अखेर मराठवाड्यात पोहोचला आणि मार्च २०२१ मध्ये तिची आई परभणी जिल्ह्यात सापडल्याचे वृत्त आले.

या घटनेची चर्चा खूप झाली. मंत्र्यांची झाली, वकिलातीची झाली, दोन देशांच्या संबंधांची तर झालीच. परंतु ज्या विद्येमुळे एका मुलीच्या मनातले गाव कागदावर उतरू शकले, त्या विद्येविषयी फारसे कोणी बोलले नाही. ती विद्या कोठे शिकवतात, कोण शिकतो, शिकायला किती काळ लागतो, हे विचारावे असेही कोणाला वाटले नाही. दूरदर्शनच्या पडद्याच्या कोपऱ्यातील चौकटीत हातवारे करणारी व्यक्ती, एवढीच दुभाष्याची सर्वसामान्य ओळख आहे.

मुळात ‘हातवारे’ हा शब्दच या अज्ञानाचे मूळ आहे. हातवारे कोणीही करतो. भाषा शिकावी लागते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे आणि ते मराठीचे अथवा हिंदीचे हातांनी केलेले रूपांतर नव्हे. ‘मी काल पुण्याला गेलो नाही’ हे वाक्य त्या भाषेत ‘काल – मी – पुणे – जाणे – नाही’ अशा क्रमाने येते. काळाचा निर्देश आरंभी, नकार शेवटी, प्रश्नवाचक शब्दही शेवटी. ‘मी तुला दिले’ आणि ‘तू मला दिलेस’ या दोन वाक्यांत खूण एकच असते, फक्त तिची दिशा फिरते. जे काम मराठीत विभक्ती करते ते येथे अवकाश करतो. भुवया उंचावल्या की तेच विधान प्रश्न होते. चेहरा स्थिर ठेवून हात चालवणारा दुभाषी म्हणजे स्वर आणि काने-मात्रे गाळून वाचणारा वाचक होय.

आणि ही भाषा या मातीतली आहे. ‘पुरुष’ या शब्दाची खूण मिशीची, तर ‘स्त्री’ची खूण नाकातल्या चमकीची. परदेशातल्या कोणत्या तज्ज्ञाने ती बसून ठरवली नाही. शाळांच्या आवारात, वसतिगृहांत आणि कर्णबधिरांच्या मंडळांत ती पिढ्यान्‌पिढ्या घडत गेली. मुंबई, दिल्ली, कोलकाता येथील शब्दांत फरक आढळतात, पण व्याकरणाचा सांगाडा बव्हंशी एकच आहे. मराठी वाचणारा कर्णबधिर आणि बंगाली वाचणारा कर्णबधिर एकमेकांना पत्र लिहू शकणार नाहीत, मात्र समोरासमोर आले तर तासन्‌तास बोलू शकतील. भाषावार प्रांतरचनेच्या वादात आयुष्य घालवलेल्यांनी या वस्तुस्थितीवर थोडा विचार करायला हरकत नाही. तथापि येथे उत्साहाच्या भरात एक गल्लत होते. भरताच्या नाट्यशास्त्रातील हस्तमुद्रांतून ही भाषा निघाली, असे काही व्याख्यानांतून ठासून सांगितले जाते. नृत्यातील मुद्रा ही कलेची परिभाषा आहे आणि सांकेतिक भाषा ही रोजच्या बोलण्याची भाषा; एकीतून दुसरी आली असे दाखवणारा पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. इंग्रजी अक्षरे दाखवण्याची दोन हातांची बोटलिपी तर ब्रिटिश पद्धतीची आहे. या भाषेला मोठे ठरवण्यासाठी प्राचीनतेचा दाखला लागत नाही. लाखो भारतीय तिच्यात विचार करतात, एवढे पुरेसे आहे.

तरीही ती शंभर वर्षांहून अधिक काळ शाळांच्या वर्गांबाहेर का राहिली? त्याचे उत्तर इटलीतील मिलान शहरात सापडते. १८८० साली तेथे बधिरशिक्षकांची परिषद भरली आणि मुलांना खुणांऐवजी केवळ वाचेनेच शिकवावे असा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्याच दशकात मुंबईत कर्णबधिरांच्या शिक्षणाला आरंभ झाला आणि युरोपातून आलेले हे मत आपल्याकडेही शास्त्र म्हणून रुजले. मुलांनी खुणा केल्या की हातावर छडी बसे, अशा आठवणी जुन्या पिढीतील अनेक कर्णबधिर आजही सांगतात. २०१० मध्ये व्हँकूवर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त करून ते नाकारले. ज्यांनी हा विचार जगाला दिला त्यांनी तो टाकला, पण आपल्याकडे अजूनही अनेक पालकांना सांगितले जाते की, खुणा शिकवाल तर मूल बोलायचेच नाही.

ओठ वाचणे ही कला उपयुक्त आहे हे खरे. श्रवणयंत्र आणि श्रवण-रोपण यांचा लाभ अनेक मुलांना वेळेवर मिळतो आहे हेही खरे. परंतु ओठ वाचण्याला मर्यादा आहेत. ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ हे तीन शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठांवर तिन्ही सारखेच दिसतात. क, ग, ह ही अक्षरे तर ओठांवर जवळपास उमटतच नाहीत. घरातील परिचित बोलण्यात संदर्भाने निभावून जाते. डॉक्टर शस्त्रक्रियेची जोखीम समजावून सांगत असेल, अथवा न्यायाधीश जबाब विचारत असेल, तर अंदाजाने निभावून कसे चालेल?

अशा वेळी दुभाष्याची गरज केवळ सोयीची राहत नाही. समजा, अत्याचार झालेली एखादी कर्णबधिर मुलगी पोलीस ठाण्यात आली. तिचे म्हणणे अधिकाऱ्याला कोण सांगणार? बहुधा आई, काका किंवा शेजारी. पण आरोपी याच वर्तुळातला असेल तर? घरातील माणूस जे सांगतो ते तिचे म्हणणे असते की घराच्या अब्रूचे, हे अधिकाऱ्याला कसे कळावे? कायदेमंडळाने हे ओळखले आहे. २०१३ च्या दुरुस्तीने अशा पीडितेची तक्रार दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवून तिचे चित्रीकरण करण्याची तरतूद झाली. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष घेतानाही न्यायालयाने दुभाष्याचे साहाय्य घ्यावे असे ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांतही या तरतुदी कायम आहेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तर सांकेतिक भाषेला संवादाचे एक साधन म्हणून स्पष्ट मान्यता देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सारा सनी या कर्णबधिर वकील महिलेला दुभाष्याच्या साहाय्याने कामकाजात भाग घेण्याची अनुमती दिली, तेव्हा देशाने ते कौतुकाने पाहिले. कायदा आहे, सर्वोच्च न्यायालयाची दृष्टी आहे. तालुक्याच्या न्यायालयात मात्र माणूस नाही.

२०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार नोंदली गेली. यांत उतारवयात ऐकू येईनासे झालेले पुष्कळ आहेत आणि ते सगळे सांकेतिक भाषा वापरत नाहीत. निम्मे वगळले आणि उरलेल्यांतील दर हजारांमागे एकच दुभाषी धरला, तरी अडीच हजार प्रशिक्षित दुभाषी लागतील. न्यायालये, इस्पितळे, महाविद्यालये यांची गरज त्याहून वेगळी. एवढी माणसे या विद्येकडे वळतील अशी काही हालचाल समाजात दिसते का?

ती दिसत नाही, याला एक कारण आपला सेवाभावच आहे, असे म्हटले तर अनेकांना रुचणार नाही. २३ सप्टेंबरला सांकेतिक भाषा दिन येतो. त्या दिवशी कर्णबधिरांच्या शाळेत फळे वाटली जातात, छायाचित्रे निघतात, एखादा पाहुणा ‘नमस्ते’ची खूण शिकून जातो. भावना शुद्ध असते, यात शंका नाही. पण कोणी रुग्णावर केवळ दयाबुद्धीने शस्त्रक्रिया करीत नाही. आधी वर्षानुवर्षे वैद्यक शिकतो. दुभाष्याचे काम त्याच जातीचे आहे. आठ दिवसांच्या शिबिरात शंभर खुणा शिकून कोणी न्यायालयात उभा राहू लागला, तर त्याच्या सेवेने एखाद्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते.

या अभ्यासाची रीतसर व्यवस्था आता देशात आहे. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे आणि सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचे प्रशिक्षण तेथे या शतकाच्या आरंभी सुरू झाले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. त्या केंद्राच्या शब्दकोशात २०१८ साली ३ हजार शब्द होते. फेब्रुवारी २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते १० हजार झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या भाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणाचा उल्लेख आला आणि जुलै २०२१ मध्ये पंतप्रधानांनी तिला भाषाविषयाचा दर्जा मिळाल्याचे घोषित केले. दुभाष्यांसाठीच्या पदविकेला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे.

अभ्यासाचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. भाषा येणे ही पहिली पायरी. दुभाषी होणे त्यानंतर सुरू होते. वक्ता बोलत असताना एक-दोन वाक्ये मागे राहून अर्थ धरायचा, तो दुसऱ्या भाषेत मांडायचा आणि त्याच वेळी पुढचे ऐकत राहायचे. हा ताण इतका असतो की, मोठ्या कार्यक्रमात दोघे दुभाषी साधारण वीस-वीस मिनिटांनी पाळी बदलतात. त्याहून अवघड काम उलट दिशेचे. कर्णबधिर व्यक्तीच्या खुणा पाहून तिचे म्हणणे तिच्याच तोलाच्या मराठीत बोलून दाखवावे लागते. ती प्राध्यापक असेल तर प्राध्यापकाची भाषा, शेतकरी असेल तर शेतकऱ्याची. दुभाषी ‘ती म्हणते की मला दुखते आहे’ असे म्हणत नाही. ‘मला दुखते आहे’ असेच म्हणतो. स्वतःचे मत मध्ये घालायचे नाही, कानी आलेले बाहेर बोलायचे नाही, आणि न समजल्यास ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ असे भर सभेत म्हणायचे धैर्य ठेवायचे. अंगावरचा पोशाखही एकरंगी आणि हात उठून दिसतील असा लागतो. बांगड्या, अंगठ्या, मेंदी यांना तेथे स्थान नाही.

मराठी घरातील मुलांसाठी यात एक खास आव्हान आहे. आपली भाषा कान, हात आणि तोंड यांच्या वाक्प्रचारांनी भरलेली. साक्षीदार म्हणाला, ‘मी ही गोष्ट सरपंचांच्या कानावर घातली, पण त्यांनी कानाडोळा केला आणि शेवटी हात वर केले.’ शब्दाला शब्द देणाऱ्याने येथे खरोखर हात वर केले तर समोरच्या कर्णबधिराला सरपंचाने मतदान केले किंवा शरणागती पत्करली असे वाटेल! जबाबदारी झटकली, हा अर्थ ज्याला क्षणात सुचेल तोच दुभाषी. अर्थात ज्याचे मराठी कच्चे, त्याची सांकेतिक भाषा कितीही सफाईदार असली तरी उपयोगाची नाही. मुलांचे मराठी कच्चे राहत असल्याची चिंता ज्या घरांत नित्य केली जाते, त्या घरांना हे सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

आजवर हे काम मुख्यतः कर्णबधिर आई-वडिलांच्या ऐकू येणाऱ्या मुलांनी उचलले. बँकेत, इस्पितळात, भाडेकराराच्या वेळी दहा वर्षांचे मूल आई-वडिलांचा आवाज होते. आईला कर्करोग झाल्याचे आईलाच सांगण्याची वेळ त्या मुलावर यावी, ही कोणत्याही सुसंस्कृत समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे. या मुलांपैकी काही पुढे उत्तम दुभाषी झाले. पण बालपण खर्ची घालून जे चालते त्याला व्यवस्था म्हणता येत नाही.

मध्यमवर्गीय पालकांचा पुढला प्रश्न ठरलेला असतो : पोटापाण्याचे काय? तो विचारण्यात गैर काही नाही. कायमस्वरूपी सरकारी पदे आज थोडी आहेत आणि पुष्कळसे काम मानधनावर चालते, हे लपवण्यात अर्थ नाही. जिल्हा न्यायालये, जिल्हा रुग्णालये आणि विद्यापीठे यांत दुभाष्याची पदे निर्माण करण्याची मागणी कर्णबधिरांच्या संघटना सातत्याने करीत आल्या आहेत. त्यांच्या मागणीमागे ऐकू येणाऱ्या समाजाने आपला आवाज उभा केला तर चित्र पालटेल. पदे नाहीत म्हणून कोणी शिकत नाही आणि माणसे नाहीत म्हणून पदे निघत नाहीत, हे दुष्टचक्र दोन्ही टोकांनी एकाच वेळी तोडावे लागेल.

पदविकेच्या प्रवेशासाठी बारावी उत्तीर्ण असणे लागते. शाखेचे बंधन नाही. कर्णबधिर ओळखीचा असलाच पाहिजे अशीही अट नाही, मात्र शिकताना कर्णबधिरांच्या सहवासाशिवाय ही भाषा अंगी मुरत नाही. ती शिकवणारे अनेक शिक्षक स्वतः कर्णबधिर असतात. त्यांच्या तासाला तोंडाने बोलण्याची सहसा मुभा नसते, आणि ऐकू येणाऱ्या विद्यार्थ्याला शंका विचारायची असेल तर ती पहिल्या आठवड्यापासून हातांनीच विचारावी लागते.