भार दिल्याविना निर्वाळा नको

दुकानातील कॅमेऱ्यांपासून ग्रामपंचायतीच्या संगणकापर्यंत जी जी उपकरणे आज शिरपूर तालुक्यात चालतात, त्या बहुतेकांच्या पोटात एसएमपीएस नावाचा वीजपुरवठ्याचा संच बसलेला असतो. आणि तो बिघडून दुरुस्तीस गेला म्हणजे कारागीर मल्टिमीटरची टोके लावून ‘बारा व्होल्ट बरोबर येतात’ असा जो निर्वाळा देतो, तो पुरेसा मानण्याचा शिरस्ता आता मोडला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण या संचात 230 व्होल्टांची वीज आधी एकदिश होऊन सुमारे 325 व्होल्टांवर चढते, मग सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाऊन फेराइटच्या लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून उतरते आणि अखेरीस कपॅसिटर तिच्यातील चढउतार शमवितो. या कपॅसिटरमधील द्राव सुकला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. तरीही भार नसताना मीटर बाराच दाखवितो. म्हणूनच दिवसभर निर्वेध चालणारे कॅमेरे रात्री त्यांचे इन्फ्रारेड दिवे लागून प्रवाहाची मागणी वाढताच माना टाकतात, आणि दोष बिचाऱ्या कॅमेऱ्यावर जातो. दर दहा अंश उष्णतेमागे कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. मग खानदेशच्या वैशाखात, पारा चव्वेचाळिसाच्या वर गेला असता, पत्र्याच्या छताखालील बंद पेटीत त्याची काय अवस्था होत असेल, हे वेगळे सांगावयास नको.

खऱ्या तपासणीस मोठी सामग्री लागत नाही. प्रथम मुख्य विजेच्या वाटेत साठ वॅटचा साधा दिवा सिरीजमध्ये घालावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, प्रखर जळत राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर तो दिवा काढून, 12 व्होल्ट 10 अँपिअरच्या संचास मोटारीच्या इंडिकेटरचे 21 वॅटचे दिवे एकेक करून जोडावेत, कारण थंड तार आरंभी अनेकपट प्रवाह ओढते आणि सगळे एकदम लावले तर निर्दोष संचही ट्रिप होतो. प्रत्येक दिवा पावणेदोन अँपिअर घेतो. पाच लागले की पावणेनऊ. प्रत्येक पायरीस व्होल्ट मोजावेत, आणि झाकण बसवून निदान अर्धा तास संच तसाच चालू ठेवावा, कारण तापल्यावाचून न दिसणारे दोष पुष्कळ असतात. मात्र संच उघडताना हे विसरू नये की प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरात प्राणघातक वीज शिल्लक राहू शकते. ती रेझिस्टरमधून उतरवावी, पेचकसाने ठिणगी पाडून कदापि नव्हे.

काही रुपयांच्या कपॅसिटरपायी सबंध संच भंगारात जाणे, किंवा दुरुस्त म्हणून परत आलेला संच आठवड्याने पुन्हा दगा देणे, यातील नुकसान सामान्य माणसाच्या खिशाचे आहे. आयटीआयच्या प्रात्यक्षिकात भारतपासणीची तजवीज अनिवार्य असावी, आणि ग्राहकांनीही संच परत घेताना किती अँपिअर भारावर किती व्होल्ट टिकले, हे पावतीवर लिहून मागावे.