साधारण धर्माचा लोप

उपमेचे चार घटक आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो : उपमेय, उपमान, साम्यवाचक शब्द आणि साधारण धर्म. यांपैकी एखादा घटक गाळला की ती लुप्तोपमा, हेही शिकवतो. काव्यात असा लोप शोभतो, कारण गाळलेला धर्म रसिकाला आपसूक उमगतो. मुख चंद्रासारखे आहे एवढे म्हटले तरी आल्हादकता वेगळी सांगावी लागत नाही. परंतु काव्याबाहेर, जिथे दोन वस्तूंमधून एक निवडायची असते, तिथे साधारण धर्म गाळणे हा अलंकार नव्हे. ती वाचकाची दिशाभूल आहे. आमचे म्हणणे असे की, आजच्या तुलनापर लेखनात हा लोप अपवाद राहिलेला नसून रूढी झाला आहे. त्याचा ढळढळीत नमुना म्हणून डार्ट्सच्या साधनांची परस्परतुलना करणारे लेखन आम्ही येथे तपासायला घेत आहोत.

डार्ट्सच का, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. वस्तू जितकी लहान, तितका तिच्याविषयीच्या भाषेतला पोकळपणा लवकर दिसतो. योगायोगाने डार्टचेही घटक चारच : पुढचे टोक, बोटांत धरायचे धातूचे बॅरल, मागची काडी म्हणजे शाफ्ट, आणि शेवटी पिसाची जागा घेणारी फ्लाइट. ब्रिटनमधल्या पबमध्ये वाढलेल्या या खेळाचा बोर्ड घायपाताच्या वाखाचा, म्हणजे सिसलचा, असतो. एवढ्या सामग्रीवर युनिकॉर्न, विनमाऊ, टार्गेट, रेड ड्रॅगन, हॅरोज अशी नामावळी उभी आहे आणि 'यांपैकी श्रेष्ठ कोण' या प्रश्नावर अखंड लिहिले जाते.

प्रथम वस्तूकडे पाहू; नावाकडे नंतर. पितळेची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण ८.५ ग्रॅम असते. ९० टक्के टंगस्टन असलेल्या मिश्रधातूची सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे तेवढ्याच वजनाचे नि तेवढ्याच लांबीचे बॅरल टंगस्टनमध्ये घडवले, तर त्याचे आकारमान निम्मे होते आणि जाडी जवळजवळ ३० टक्क्यांनी घटते. याचा उपयोग काय? बोर्डावरच्या तिहेरी २० च्या पट्टीची रुंदी अवघी ८ मिलिमीटर. तिथे एकामागून एक तीन डार्ट रुतवले तर १८० गुण मिळतात. पहिले दोन डार्ट जाड असले तर तिसऱ्याची वाट तेच अडवतात. बारीक बॅरलला महत्त्व आहे ते या कारणाने. आणि हे कारण कोणत्याही ब्रँडच्या मालकीचे नाही, ते पदार्थविज्ञानाचे आहे.

आता हेच गणित एक पाऊल पुढे नेऊ. ९० टक्क्यांऐवजी ९५ टक्के टंगस्टन घेतले, तर घनता १७ वरून सुमारे १८ वर जाते. ७ मिलिमीटर जाडीचे बॅरल त्यामुळे ६.८ मिलिमीटरचे होते. फरक एक पंचमांश मिलिमीटरचा! तो फरक कुणाच्या हाताला जाणवत असेलही. आम्ही ते नाकारत नाही. आमची तक्रार एवढीच आहे की, तुलनापर लेखनात हा आकडा येत नाही. तिथे ९५ हा अंक परीक्षेतल्या गुणांसारखा येतो : ९० वाला हुशार, ९५ वाला अधिक हुशार. अंक आहे, पण तो कशाचे माप आहे हे गाळलेले आहे. साधारण धर्माचा पहिला लोप तो हा.

दुसरा लोप अधिक गंभीर आहे. एका घराण्याचे २२ ग्रॅमचे, सरळ, ९० टक्के टंगस्टनचे डार्ट एका हातात घ्यायचे. दुसऱ्या घराण्याचे २४ ग्रॅमचे, पुढे फुगीर, ८० टक्क्यांचे दुसऱ्या हातात घ्यायचे. दोन्ही फेकून पाहायचे आणि निष्कर्ष काढायचा घराण्यांविषयी. वजन वेगळे, आकार वेगळा, धातूचे प्रमाण वेगळे. मग अनुभवातला फरक यांपैकी कशामुळे पडला? हे न सांगताच निकाल दिला जातो. मग त्या निकालाला आधार म्हणून विशेषणे येतात : 'तोल उत्कृष्ट', 'पकड विश्वासार्ह', 'हाताला सुखद'. तोल म्हणजे गुरुत्वमध्य टोकाकडे आहे की मध्यावर? पकड म्हणजे बॅरलवरच्या खाचा खोल की उथळ? ते सांगितलेले नसते. ही भाषा आपल्याला परकी वाटत असेल, तर आपल्याच परीक्षणांतली 'आशयघन', 'तरल', 'प्रत्ययकारी' ही विशेषणे आठवावीत. दोन्हीकडे विशेषणाचे काम वस्तू दाखवण्याचे नसून, वस्तू न दाखवता वाचकाची संमती मिळवण्याचे असते.

तिसरा प्रश्न नावांचा. प्रतिस्पर्धी म्हणून ज्यांची झुंज लावली जाते, ते खरोखर प्रतिस्पर्धी तरी आहेत का? विनमाऊ हे १९४६ साली सुरू झालेले नाव २००२ साली नोडॉर या जुन्या कंपनीकडे गेले. रेड ड्रॅगन हेही नोडॉरच्याच घरातले. म्हणजे 'विनमाऊ की रेड ड्रॅगन' हा वाद भाऊबंदकीचा आहे, आणि वादात कुणीही जिंकले तरी मिळकत एकाच वाड्यात जाते. खुद्द नोडॉर या नावाची व्युत्पत्ती तर भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. 'नो ओडर', म्हणजे 'वास नाही', यावरून ते नाव पडले. कारण कंपनीचा मूळ माल बिनवासाची माती हा होता. पुढे बोर्ड घायपाताच्या वाखाचे झाले, माती गेली, नाव राहिले. नाव आणि वस्तू यांचे नाते इतके सैल असताना नावांची तुलना करून वस्तूचा निवाडा कसा होणार?

आणि नाव तरी एकजिनसी असते का? १९३७ पासून चालत आलेल्या युनिकॉर्नच्या छत्राखाली नवशिक्यासाठी पितळेचे स्वस्त डार्टही निघतात आणि व्यावसायिकासाठी टंगस्टनचे महागडेही. 'युनिकॉर्न चांगले की टार्गेट' हा प्रश्न 'मौज चांगले की पॉप्युलर' या प्रश्नाच्या जातीचा आहे. प्रकाशनगृहाच्या दर्जाविषयी बोलता येते, हे खरे. पण त्या बोलण्यातून हाती असलेल्या कवितासंग्रहातली एक ओळही वाचली जात नाही. तरीही मुद्रेवरून माल ओळखण्याची सवय मराठी वाङ्मयव्यवहारात मुळीच अनोळखी नाही, हे आपण सारेच जाणतो.

यावर ठरलेले उत्तर येते : थोर खेळाडू अमुक वापरतो, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? हा पुरावा तपासून पाहू. जानेवारी २०२४ मधल्या जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात रेड ड्रॅगनच्या ल्यूक हम्फ्रीजने टार्गेटच्या ल्यूक लिटलरला ७-४ असे हरवले. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२५ मध्ये, त्याच लिटलरने विनमाऊच्या मायकेल व्हॅन गर्वेनला ७-३ असे हरवून सतराव्या वर्षी अजिंक्यपद मिळवले. आता ब्रँडच्या तर्काने निष्कर्ष काढा : २०२४ मध्ये नोडॉरचे घर टार्गेटहून श्रेष्ठ होते आणि २०२५ मध्ये कनिष्ठ ठरले! पीटर राइट या खेळाडूची तर डार्ट सतत बदलण्याबद्दलच ख्याती आहे, आणि त्याने २०२० व २०२२ अशी दोन अजिंक्यपदे जिंकली. लेखकाच्या टाकाची नाममुद्रा पाहून कादंबरीचे मोल ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे.

मात्र येथे आम्हांला दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही अडवले पाहिजे. 'हे सारे आवडीनिवडीचे; ज्याला जे रुचेल ते त्याच्यासाठी श्रेष्ठ' असे म्हणून जे सुटका करून घेतात, ते उदार नव्हेत, आळशी आहेत. तुलना करता येते. बोर्डावरची जाड गोल तार जागोजाग खिळपट्ट्यांनी ठोकलेली असली, तर डार्ट तिच्यावर आदळून खाली पडतो आणि त्याचे गुण मिळत नाहीत. खिळपट्ट्यांविना बसवलेल्या पातळ तारेच्या बोर्डावर हे कमी घडते. किती कमी, हे शंभर डार्ट फेकून कुणालाही मोजता येईल. वाख झिजू लागल्यावर आकड्यांचे कडे काढून बोर्ड फिरवता येतो. तसा फिरवत राहूनही कोणता बोर्ड किती महिने टिकला, हेही नोंदवता येईल. मोजण्याजोगे मोजायचे नाही आणि जे मोजता येत नाही त्याला अंक द्यायचे, हा आजच्या तुलनेचा उलटा न्याय आहे. तुलना अशक्य असती, तर या लेखनावर रागावण्याचे कारण नव्हते. ती शक्य असूनही केली जात नाही, म्हणून हा राग.

आणि गंमत अशी की, तुलनेची अट काय असते हे या खेळाच्या नियमांना नेमके ठाऊक आहे. बोर्डाचा मध्य जमिनीपासून १.७३ मीटर उंच, फेकण्याची रेषा बोर्डापासून २.३७ मीटर दूर. बोर्ड दोघांना एकच. व्यावसायिक स्पर्धा घेणाऱ्या पीडीसीने २०२२ पासून विनमाऊचा बोर्ड स्वीकारला, तेव्हा टार्गेटचा खेळाडूही त्याच बोर्डावर फेकतो आणि रेड ड्रॅगनचाही. डार्ट मात्र ज्याचा त्याने आपल्या हाताला मानवेल तसा निवडायचा. माप सर्वांना समान, साधन ज्याचे त्याचे. आपल्या परंपरेने कवींना त्यांची त्यांची वृत्ते वाटून दिली, वामनाला श्लोक, मोरोपंतांना आर्या, तुकोबांना अभंग, त्या वाटणीतही हीच जाण आहे. तिथे आर्येने अभंगाला हरवल्याची वार्ता नाही. पण आर्या चांगली कशाने होते याची कसोटी मात्र गृहीत आहे.

'खेळण्यांच्या बाजारभाषेवर काव्यशास्त्राचा एवढा भार कशाला?' हा आक्षेप आम्ही मान्य करत नाही. वाचण्याची सवय एकच असते. ती बाजारात एक आणि वर्गात दुसरी अशी राहत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी तुलनेचा पहिला धडा साहित्यशास्त्रातून घेतलेला नसतो; भ्रमणध्वनीपासून पादत्राणांपर्यंत 'हे की ते' सांगणाऱ्या मजकुरातून घेतलेला असतो. मग उत्तरपत्रिकेत एका लेखकाची कादंबरी दुसऱ्याच्या कवितेशेजारी ठेवून 'अधिक प्रभावी कोण' याचा निकाल दोन ओळींत लागतो. दोष केवळ त्यांचा नाही. 'तुलना करा' एवढ्या दोन शब्दांत प्रश्न संपवणारे आपणच आहोत. कोणत्या अंगाने, कोणत्या मापाने, हे प्रश्नपत्रिकेनेच गाळले असेल, तर उत्तरात ते कुठून उगवणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. यापुढे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत निकष सांगितल्याशिवाय 'तुलना करा' असे छापले जाऊ नये. आणि तौलनिक अभ्यासाच्या पहिल्या तासाला एखाद्या महाकाव्याआधी डार्ट्सच्या दोन संचांची तुलना करणारा एखादा मजकूर विद्यार्थ्यांपुढे ठेवून, त्यात काय गाळले आहे ते शोधायला सांगावे. वजन, जाडी, धातू, आकार आणि नाव यांतले कशाविषयी बोलणे चालले आहे हे ज्याला वेगळे करता येईल, त्याच्याशी मर्ढेकर आणि मुक्तिबोध यांच्याविषयी बोलायला आम्हांला आवडेल.