अधिक मांसाच्या हव्यासाची जुनी नोंद

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५मध्ये जनुक-संपादित डुकरांना मान्यता दिली. ‘पीआरआरएस’ या विषाणूजन्य आजाराला ती दाद देत नाहीत. जपानने तर २०२१मध्येच स्नायूंची वाढ रोखणारे जनुक निकामी केलेल्या मांसल माशाला वाट मोकळी केली. रोगप्रतिकाराला कोण नाही म्हणेल? पण पुढचा टप्पा जास्त मांसाचा असेल, तर डुकरांचाच एक जुना अनुभव आधी पाहायला हवा.

स्नायू आखडतो तो कॅल्शियममुळे. पेशीतल्या कोठारात ते साठवलेले असते. मेंदूकडून इशारा आला की ‘रायनोडिन रिसेप्टर’ नावाचे दार उघडते, कॅल्शियम बाहेर येते, तंतू आखडतो. मग ऊर्जा खर्चून ते परत आत ओढले जाते. तंतूचा स्वभावही यावरच बराचसा ठरतो. कॅल्शियम थोडे पण दीर्घकाळ बाहेर राहिले, तर तांबडे, संथ, सहसा न थकणारे तंतू घडतात. क्षणिक उसळ्यांवर पांढरे, वेगवान तंतू पोसले जातात.

बेल्जियमची पीत्रँ जातीची डुकरे भरदार आणि कमी चरबीची, म्हणून पैदासकारांची लाडकी. पण गाडीत चढवताना, गर्दीत वा उन्हात त्यातली काही अचानक ताठ होत, अंग तापे आणि जीव जाई. कत्तलखान्यापर्यंत पोचलेल्यांचे मांस फिकट, लिबलिबीत, पाणी सुटलेले निघे. हॅलोथेनची भूल दिली की अशा पिलांचे पाय ताठरत. बरीच वर्षे हीच चाचणी होती.

कारण सापडले १९९१मध्ये. टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड मॅक्लेनन यांच्या गटाने दाखवले, की त्या दाराच्या जनुकात एकच अक्षर बदलले आहे. दार गरजेपेक्षा सहज उघडते आणि मिटायला उशीर लावते. या गळतीने स्नायूंना सतत बारीक ताण मिळतो, म्हणजे आयता व्यायामच, असे मांसलपणाचे स्पष्टीकरण दिले जाते. थोडक्यात, ज्या गुणासाठी निवड चालली होती, त्याच्याच पाठीवर मरण बसून येत होते.

जनुकचाचणी आल्यावर बहुतेक कळपांतून हा दोष काढला गेला. काहींनी मात्र नराच्या बाजूने तो मुद्दाम राखला. एका प्रतीने मांस वाढते आणि जनावर सहसा मरत नाही, हा त्यांचा हिशेब.

याच दारातल्या बिघाडाने काही माणसांनाही भुलेखाली जीवघेणा ताप चढतो. त्यावरचे डँट्रोलीन हे औषध १९७५मध्ये केपटाऊनमध्ये अशाच डुकरांवर उपयोगी ठरले होते. तेव्हा मांस वाढवणाऱ्या नव्या संपादनाला परवानगी देताना वजनाच्या आकड्यांबरोबर वाहतुकीतले मृत्यू, शरीराचे तापमान आणि कत्तलीनंतर मांसाची आम्लता किती वेगाने वाढते, याच्याही नोंदी मागायला हव्यात.