शनिवार-रविवारचे पाहुणे

परप्रांतांतून वा परदेशांतून पुण्यात आलेल्या तरुणांना शहरात ना नातलग, ना शेजार. त्यांची मैत्री जुळते ती शनिवार-रविवारी जीवधन, नाणेघाटाच्या वाटेवर. यात गैर काहीच नाही. प्रश्न यजमानांचा आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला खरा; पण शिधा-पाणी शहरातूनच आणणारा पाहुणा घाटघरसारख्या गावात रिकाम्या बाटल्यांखेरीज काय ठेवतो? सातवाहनकाळी याच घाटात जकात घेतली जाई. दगडी रांजण त्यासाठीच होता, असे परंपरा सांगते. आज निदान पिठले-भाकरी गावात घ्यावी, वाटाड्या सोबत न्यावा. पावसाळ्यात तर न्यावाच. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक बळी गेले. कोणता ओढा केव्हा चढतो, हे नकाशा सांगत नाही, गावकरी सांगतो.