चित्रकलेचा एक पेपर टेकडीवर घ्या

खडकवासला धरणातून पाणी सोडले की पुण्यातला भिडे पूल पाण्याखाली जातो. त्या दिवशी ओंकारेश्वराजवळ मुठेचे चित्र काढणाऱ्याला गेरूत थोडा करडा कालवावा लागतो. मे महिन्यात तिथेच उघडे पडलेले खडक आणि हिरवट डबकी रंगवावी लागतात.

ऋतू कामाची रीतही बदलतो. एप्रिलच्या उन्हात जलरंगाचा वॉश पसरेपर्यंत वाळतो, नको तिथे कडा उमटतात. श्रावणात कागद सुकतच नाही. घाई करून दुसरा थर दिला, तर झाडाचा हिरवा आकाशात चढतो. फोटो पाहून घरी काढलेल्या चित्राला ही झटापट माहीतच नसते.

कोल्हापूरचे आबालाल रहमान कोटितीर्थाच्या तळ्याकाठी पुन्हा पुन्हा तोच परिसर रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या त्या निसर्गचित्रांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पुण्यात मिलिंद मुळीक यांच्यामुळे रस्त्यात उभे राहून जलरंगात काम करण्याची गोडी अनेकांना लागली.

शाळांत मात्र ही गोडी पोहोचत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत स्थिरचित्र आहे, संकल्पचित्र आहे, स्मरणचित्रही आहे. सगळे वर्गात, बाकावर बसून. मग मुले डोंगरामागचा सूर्य आणि दोन नारळाची झाडे पाठ करून जातात. वेताळ टेकडीवर नारळ कुठला? तिथे दिवाळीनंतर गवत पिवळे पडते, फेब्रुवारीच्या सुमारास गिरिपुष्पाला फिकट गुलाबी तुरे येतात आणि खालच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात बहावा लोंबू लागतो. पुण्यातल्या मुलाच्या चित्रात हे यायलाच हवे.

त्यासाठी या परीक्षांना एका वहीची जोड द्यावी: एकच झाड किंवा एकच जागा, आषाढ, कार्तिक, माघ आणि वैशाखात, तिथेच बसून काढलेली. वहीला गुण असावेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही ती मनावर घेतील.

मुले फोटोवरून काढून आणतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून चित्र शाळेच्या वेळेत, शिक्षकांसमोर व्हावे. टेकडी लांब असेल, तर आवारातला पिंपळ चालेल. खर्च वहीचा आणि रंगपेटीचा. खरी अडचण कलाशिक्षकाची आहे: जिथे तो नेमलेलाच नाही, तिथे ही वही तपासणार कोण, याचे उत्तर सरकारने आधी द्यावे.